ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांना नोकरी कुठं मानवते? सांगली-सातारा भागातले अनुभव हवेत

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज टाकतेच. धाकटा भाऊ २७ वर्षांचा. बीकॉम झालाय, टॅली येतं, एक्सेल माझ्यापेक्षा चांगलं येतं. ऑटिझमचं निदान झालं ते कॉलेज संपल्यावर, तोपर्यंत घरात घुम्या आणि शाळेत 'हुशार आहे पण विचित्र' एवढंच. सांगलीतच एका ऑफिसात बिलं एंटर करायचं काम लागलेलं, मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून टेबल, सकाळी जायचा संध्याकाळी यायचा, सगळं छान चाललेलं. मग ऑफिसचं रिनोव्हेशन निघालं. मधल्या भिंती पाडल्या, सगळे एका हॉलमध्ये, डोक्यावर पांढऱ्या ट्यूब, शेजारी दिवसभर फोन घेणारी मुलगी, आणि त्यात साहेब म्हणाले मार्च एंडिंग आहे तर तू जरा काउंटरपण बघत जा. जरा म्हणजे किती वेळ, कुणी आलं की उठायचं का हातातलं बिल संपवून उठायचं, हे कुणी सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही. घरी आला की कपडे न बदलता अंधारात पडून राहायचा, जेवण कमी झालं, झोप गेली, आणि एकदा काउंटरवर कुणीतरी आवाज चढवला तर हा उठून सरळ चालत घरी आला. परत गेला नाही. साहेब फोनवर मला म्हणाले, "कामात एक चूक नाही हो त्याची, पण असं कसं चालायचं?"

आता घरीच आहे. नातेवाइकांचे सल्ले चालू. झेरॉक्सचं दुकान टाकून द्या (ॲडमिशनच्या दिवसात झेरॉक्सच्या दुकानात एक तास उभं राहून बघा म्हणावं), लग्न करून द्या म्हणजे सुधारेल, बँकेच्या परीक्षा द्यायला लावा. मला असं विचारायचंय की तुमच्यापैकी कुणाच्या घरात, कंपनीत अशी माणसं टिकून काम करतायत का आणि कुठं? पुण्या-मुंबईला पाठवणं शक्य नाही, आई-बाबा इथं आहेत आणि त्याला त्याचीच खोली लागते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मिरजजंक्शन

वाचतोय. पुतण्या १९ चा आहे, आयटीआयला घालायचा का यावर घरात रोज महाभारत.

शिफ्ट_इनचार्ज

ताई, मी कुपवाड एमआयडीसीत आहे. कंपनीचं नाव टाकत नाही, कास्टिंग मशीनिंग करून पाठवतो आम्ही. आमच्यात एक पोरगा आहे डिप्लोमावाला, त्याच्या कागदावर काय लिहिलंय मला ठाऊक न्हाई पण तुम्ही लिहिलंय ते वर्णन सगळं त्याचंच. आल्या आल्या त्याला फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात त्या जागेच्या, शेजारी बसवला होता. ग्राइंडरचा आवाज, ठिणग्या, धूळ, कॉन्ट्रॅक्टरची पोरं मागनं येऊन खांद्यावर थाप मारणार. दोन्ही कानावर हात ठेवून उभा राहायचा आणि बाकीचे हसायचे. काढून टाका म्हणून वर रिपोर्ट पण गेला होता.

आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी त्याला स्टँडर्ड रूमला, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत घेतला. तिथं एसी असतोय, दार बंद असतंय, आवाज येत न्हाई, माणसं दोन-तीनच. प्लग गेज, स्नॅप गेज ही मापाची हत्यारं लावून बघायचं, रीडिंग लिहायचं, पास-रिजेक्ट वेगळं ठेवायचं. त्या कामाला आमची बाकीची पोरं कंटाळतात आणि न बघताच बरोबरची खूण मारतात, हा मारत न्हाई. एकदा तोच सांगत आला की गो गेज सैल जातंय, आम्ही म्हटलं जाऊ दे रे, त्यानं जाऊ दिलं न्हाई, कॅलिब्रेशनला पाठवलं तर खरंच झिजलेलं. तिथून पुढं त्याला कुणी काही बोलत न्हाई.

पण अडचणी आहेतच की. फर्स्ट-सेकंड-नाईट अशी आठवड्याला शिफ्ट फिरली की पोरगं खलास. म्हणून कायम जनरलला, म्हणजे दिवसपाळीलाच ठेवलाय. त्यावरून बाकीचे कुरकुरले, याला वेगळा न्याय का म्हणून. त्यांना सांगितलं, याला नाईटचा अलाउन्स पण मिळत न्हाई, तुम्हाला पाहिजे का तसं? गप झाले. सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी घड्याळ बघून कान झाकून बसतो, ते आता सगळ्यांना माहिती आहे. मोठे साहेब राऊंडला येणार असले तर आदल्या दिवशी सांगून ठेवतो मी. खर्च म्हणाल तर रुपया न्हाई.

अजिंक्यताऱ्याखाली

मी स्वतः स्पेक्ट्रमवर आहे, म्हणजे मलाही ऑटिझम आहे. साताऱ्यात राहतो, वय ३४. एका छापखान्याचं मुद्रितशोधन करतो आणि एका संस्थेचं जुनं दप्तर स्कॅन करून त्याची अनुक्रमणी लावायचं काम चालू आहे. दुसरं काम मला जास्त आवडतं पण ते कधीतरी संपणार आहे.

वरचा प्रतिसाद नीट वाचा लोकहो. कंपनी तीच, माणूस तोच, पगार तोच. फेटलिंगला नालायक आणि स्टँडर्ड रूमला कामाचा. विश्रामबागकर ताईंच्या भावाचं पण उलट्या दिशेनं तेच झालं, काम तेच राहिलं आणि खोली बदलली. आपल्याकडं पहिला प्रश्न असतो की ऑटिझमवाल्याला कुठला जॉब बरा, कॉम्प्युटरचा का पॅकिंगचा का बेकरीचा. त्या प्रश्नाला काही अर्थ नाही असं माझं मत. बसायला कुठं मिळणार, आवाज किती, वास कसला, दिवसातून किती वेळा कुणी मधे येऊन काम तोडणार, सूचना तोंडी मिळणार का लिहून, बदल असेल तर आधी कळणार का, आणि वरचा माणूस कसा आहे, हे विचारा. पदाचं नाव शेवटी.

आयटीची उदाहरणं सगळे देतात. डेन्मार्कची स्पेशलिस्टर्न ही ऑटिझमवाल्यांना कामाला घेणारी कंपनी २००४ ची, सॅप या सॉफ्टवेअर कंपनीनं २०१३ ला ऑटिझमवाल्यांना घ्यायचा कार्यक्रम काढला त्यात बंगळूरपण होतं, चांगलंच आहे ते. पण त्यामुळं लोकांना वाटतं आपण सगळे कोडिंगमध्ये जीनियस. मला कोडिंग येत नाही. गणित तर बेताचंच. मला ऱ्हस्व-दीर्घ दिसतात, इतकंच.

त्या कार्यक्रमांमधनं घेण्यासारखी गोष्ट म्हणजे नेहमीच्या इंटरव्ह्यूवर भिस्त न ठेवता प्रत्यक्ष काम देऊन बघायची पद्धत. 'तुमच्याबद्दल सांगा' या प्रश्नाला मी काय सांगू? कुठपासून सांगू? मी जन्मगावापासून सुरू केलं होतं एका ठिकाणी.

अजून एक, जेवणाची सुट्टी. कामापेक्षा ती अवघड असते. सगळे एकत्र डबे उघडणार, वास, एकाच वेळी चार विषय, कुणाची भाजी घेतली नाही तर माणूस शिष्ट. मी पहिल्या नोकरीत दिवसभर 'नॉर्मल' वागून दाखवायचो आणि घरी आल्यावर एक शब्द बोलायची ताकद उरायची नाही. तुमचा भाऊ अंधारात पडून राहायचा ते आळस नाही हो, दिवसभराची वसुली असते ती. सुट्टीत एकटं जेवलं तर चालेल एवढी एक परवानगी माणसाला वर्षं काढून देते.

कऱ्हाडची_काकू

सगळ्यांचं वाचलं, बरं वाटलं, पण हे सगळं बोलणाऱ्या शिकलेल्या मुलांचं चाललंय. माझा लेक ३१ चा आहे, शब्द मोजकेच बोलतो, पैशाचा हिशोब कळत नाही. त्याच्यासारख्यांना काय मिळतं सांगू? पणत्या. दिवाळी आली की पणत्या, मग राखी, मग कागदी पिशव्या, मग पाकिटं. सबंध देशातली ऑटिझमवाली मुलं पणत्याच रंगवणार का काय? आणि लोक घेतात ते बिचारी मुलं म्हणून. माझ्या लेकाला रंगाचा ओला हात अजिबात चालत नाही, बोटाला लागला की धुवायला पळतो, तरी चार वर्षं त्याला पणत्या रंगवायला बसवलं कारण 'ॲक्टिव्हिटी' तीच होती.

सध्या नात्यातल्या एकांच्या रोपवाटिकेत जातो, अर्धा दिवस. कोकोपीट ट्रेमध्ये भरायचं, एका खळग्यात एक बी, ट्रे ओळीनं लावायचे. कोरडं काम आहे, ओल्याचा प्रश्न नाही, ट्रे भरला की संपला हे डोळ्याला दिसतं. भिंतीवर चित्रं चिकटवलीत, पहिलं काय दुसरं काय, शेवटी डबा आणि घरी जायची गाडी. चित्र उलटं करतो एक झालं की. उन्हाळ्यात शेडनेटमध्ये उकडतं म्हणून तेव्हा सकाळी लवकर. सुरुवातीला मी शेजारी बसायचे, मग बांधावर, मग गाडीत, आता घरी असते. तिथल्या एका मावशींशी त्याचं जमतं. त्या सुट्टीवर गेल्या की यानंही जायचं नाही हे आम्ही ठरवूनच टाकलंय, उगाच परीक्षा कशाला.

पगार मिळतो. कमी मिळतो पण त्याच्या स्वतःच्या खात्यावर येतो, 'वेळ जातोय ना त्याचा' म्हणून फुकट राबवायला मी पाठवणार नव्हते. खात्यासाठी आणि बाकी सह्यांसाठी नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली पालकत्व घ्यावं लागलं आम्हाला, ते कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या लोकल लेव्हल कमिटीकडनं होतं. १८ पूर्ण झाली की आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पण ज्याला स्वतःचं कळतं त्याच्यासाठी असलं काही करू नका, विश्रामबागकर ताई, तुमच्या भावाला गरज दिसत नाही.

रोखठोक

वाईट वाटून घेऊ नका पण कंपनी म्हणजे काय धर्मशाळा आहे का? एकाला एसी रूम, एकाला जनरल शिफ्ट, एकाला आदल्या दिवशी सांगायचं. उद्या सगळेच मागतील.

शिफ्ट_इनचार्ज

@रोखठोक, मागू देत की. आमच्या वेल्डरला चष्मा कंपनी देते, पाठ दुखणाऱ्याला खुर्ची देते, साहेबांच्या मेहुण्याला फर्स्ट शिफ्ट देते. आमच्याकडं पोरं सहा महिन्यात पळतात आणि परत नवीन शिकवायला लागतंय, हा टिकलाय. आणि खरं सांगू का, त्याच्यासाठी म्हणून कामाची स्टेप मोठ्या अक्षरात लिहून लावली तर बाकीच्यांच्याच चुका कमी झाल्या.

बेदाणा_सौदा

तासगावजवळ आमचं बेदाण्याचं शेड आहे. निवडणीला माणसं कायम कमी पडतात, हिरवा, पिवळा, काळा वेगळा करायचा, देठ-खडा काढायचा. नजर बारीक असेल तर चालेल की आमच्यात. पाठवा कुणाला.

अजिंक्यताऱ्याखाली

@बेदाणा_सौदा मनापासून आभार, पण दोन गोष्टी विचारतो. गंधकाची धुरी निवडणीच्या जागेपासून किती लांब देता? मला तो वास आला तर मी दहा मिनिटं टिकणार नाही. आणि निवडायला बसलेल्या बायकांमध्ये मोबाईलवर गाणी चालू असतात का?

बेदाणा_सौदा

धुरी वेगळ्या खोलीत, पण वारं फिरलं की येतो वास, खोटं कशाला बोलू. गाणी तर असतातच, नाहीतर बायका येणार नाहीत कामाला 😀 कोपऱ्यात वेगळं टेबल टाकता येईल. पण काम सीझनचं, फेब्रुवारी ते एप्रिल-मेपर्यंत जोर, नंतर कोल्ड स्टोरेजचा माल निघेल तसं.

कऱ्हाडची_काकू

सीझनचं काम आमच्यासारख्यांना अवघड जातं हो. बसलेली घडी मोडली की परत बसवायला त्याच्या दुप्पट वेळ. २०१९ च्या पुरात माझी बहीण सांगलीवाडीहून लेकाला घेऊन आमच्याकडं आली होती, तो पण याच्यासारखाच, घर महिन्यात साफ झालं पण मुलगा कामावर परत जायला पार दिवाळी उलटली. तरी तुम्ही विचारलंत हेच खूप.

समुपदेशक_मिरज

विशेष शिक्षिका आहे, कागदपत्रांचं थोडं लिहिते कारण त्यावर कुणी बोललं नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात स्वतंत्र आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. म्हणजे एका ताटात पाच जण. शिवाय पद त्यासाठी सुनिश्चित केलेलं लागतं. केंद्राची ४ जानेवारी २०२१ ची यादी आहे, पदासमोर एएसडी एम असं लिहिलेलं दिसेल, एएसडी म्हणजे ऑटिझम, एम म्हणजे माइल्ड, सौम्य. जाहिरात आली की आधी ते बघायचं.

आरक्षणाला ४० टक्के किंवा जास्तीचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन करून तपासणी सरकारी दवाखान्यात. ऑटिझमसाठी इसा नावाची मोजपट्टी, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली आलं तर ऑटिझम नाही असं धरतात. मोठ्या वयात गेलेल्या, बोलणाऱ्या, पदवी घेतलेल्या माणसांचे गुण इथं कमी भरतात कारण त्यांनी वर्षानुवर्षं झाकायला शिकलेलं असतं. कार्ड मिळत नाही इतका बरा आणि नोकरी टिकत नाही इतका वेगळा, अशा मधल्या फटीत बरीच मुलं अडकतात. म्हणून जाताना लहानपणाचं लिहून न्या. बोलायला कधी लागला, खेळायचा कसा, शाळेतले शेरे, आणि नोकरी का सुटली ते सविस्तर. आईला बरोबर न्या.

खाजगीत आरक्षण नाही. पण २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं समान संधी धोरण करायचं असतं, कुठल्या जागा देऊ शकतो, काय सोयी देऊ हे त्यात लिहायचं असतं. एचआरला विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची पगारमर्यादा इतरांना २१,००० आणि दिव्यांगांना २५,००० आहे, हेही बोलताना सांगा, छोट्या कंपन्यांना माहीत नसतं.

रोखठोक

ही माहिती कामाची आहे. पण कंपनीला आधी सांगायचं का ऑटिझम आहे म्हणून? मी मालक असतो तर घाबरलो असतो, खरं बोलतो.

अजिंक्यताऱ्याखाली

प्रामाणिकपणाबद्दल आभार. मी नाव सांगत नाही, गरज सांगतो. "मला सूचना लिहून द्या, फोनवर दिलेलं निसटतं" असं म्हटलं की लोक म्हणतात वा, व्यवस्थित माणूस दिसतोय. "मला ऑटिझम आहे" म्हटलं की आवाज बारीक करून हळू बोलायला लागतात, बहिऱ्याशी बोलल्यासारखं.

समुपदेशक_मिरज

मी उलट सांगते. नाव सांगितलं नाही तर उद्या टेबल हलवलं, शिफ्ट बदलली, तर हक्कानं काय मागणार? साहेब चांगला आहे तोवर ठीक, त्याची बदली झाली की सगळं परत पहिल्यापासून. निदान एका माणसाला लेखी सांगून ठेवावं.

अजिंक्यताऱ्याखाली

एकदा लेखी सांगितलं की परत घेता येत नाही, मॅडम. माझं ज्याचं त्यानं ठरवावं असं मत आहे, घरच्यांनी तर अजिबात ठरवू नये. ताई, तुमच्या भावाला हे सगळं वाचायला दिलंत का?

विश्रामबागकर

दिलं काल रात्री. सगळे प्रतिसाद वाचले, मिरजजंक्शन दादांचा पण. म्हणाला, "मला बिलं आवडत होती. नंबर क्रमानं लागले की बरं वाटतं. माणसं मधे येतात." मग म्हणाला स्टोअरचं काम असतं का कुठं, जिथं वस्तू नंबरनं लावतात. आणि जुन्या साहेबांबद्दल काही वाईट बोलला नाही, फक्त ट्यूबबद्दल बोलला, ती थरथरायची म्हणे आणि बाकी कुणाला दिसत नव्हतं. सांगायचं का नाही यावर म्हणाला की एकाला सांगेन, सगळ्यांना नको.

शिफ्ट_इनचार्ज

टूल स्टोअर असतंय की आमच्यात. बिन कार्ड, म्हणजे कुठल्या खणात किती माल ते लिहायचं, इश्यू-रिटर्न, महिन्याला स्टॉक टॅली. आता बघतोय तो माणूस रिटायरमेंटला आलाय. अडचण एकच सांगतो, स्टोअरला खिडकी आहे आणि शिफ्ट सुरू होताना अर्धा तास तिथं झुंबड उडते, इन्सर्ट दे, ड्रिल दे, पोरं ओरडतात. तेवढा वेळ दुसरा माणूस खिडकीला उभा करता येतोय का बघतो, मागं रॅकला हा. साहेबांच्या कानावर घातलंय. नोकरी देतो असं म्हणत न्हाई मी, आधी थोडे दिवस करून बघू दे त्याला, त्याचे पैसे मिळतील. त्याआधी एखाद्या रविवारी शॉप बंद असताना नुसता बघायला घेऊन या. आणि येणार कशानं? कुपवाडच्या बसला सकाळी लई गर्दी.

विश्रामबागकर

दादा, काय बोलू. तो सायकलनं येईल म्हणतोय, रस्ता नकाशात बघून पण ठेवलाय. त्याच्या अटी त्यानं टाइप करून दिल्यात, जशाच्या तशा टाकते: वेळ किती ते किती. खिडकीला उभं राहायचं का नाही. ट्यूब आहे का एलईडी. जेवायला एकटं बसलं तर चालतं का. संडास कुठं आहे. काम चुकलं तर कोण सांगणार, त्याचं नाव.

शिफ्ट_इनचार्ज

आठ ते साडेचार. खिडकीचं वर लिहिलंय ते बघतो. एलईडी आहे पण एक मिणमिणते, बदलून घेतो. जेवायला रॅकमागं टेबल आहे. संडास स्टोअरच्या डाव्या बाजूला. चुकलं तर मीच सांगणार, बाकी कुणी बोललं तर ऐकायचं न्हाई.

कऱ्हाडची_काकू

पगाराची तारीख पण लिहून घ्या त्यात.